नेपाळला घरे बांधायला निघण्यापूर्वी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीतली सहा पोरं-पोरी नेपाळला घरे बांधायला निघाली आहेत. परदेशी श्रमदानाला जाण्याची आपली ही पहिलीच वेळ. बातमी कळल्यावर एका आजींनी आम्हाला वाटेतच अडवले. म्हणाल्या, "बापजाद्यांची हयात बिगारीत गेली. आता नातवानं पदरचं भाडं भरून परमुलखात बिगार करायची व्हय रं?"

आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महार वतन कायद्याने गेले ते १९५८ साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे. पण वेठीची हाक आली की जावेच लागे, 'नाही' म्हणायची सोय नव्हती. ही पोरं आपण होऊन चालली आहेत. ज्याला नको वाटेल त्याने आजही नाव काढून घ्यावे, कोणी बोल लावणार नाही.

आणि बाहेरची माणसे आपल्याकडेही राबून गेली आहेत. २००६ साली लोणावळ्याजवळ मळवलीला, भाजे लेण्यांच्या पायथ्याच्या भागात, देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी आठवडाभरात शंभर घरे उभी करण्याचे काम केले. त्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर होते, वय ८२. त्यांच्या आई लिलियन तर त्याआधी चाळीस वर्षे विक्रोळीत येऊन परिचारिका म्हणून राबल्या, त्याही सत्तरीला टेकलेल्या. मळवलीचे काम ज्या संस्थेचे, तिच्या पद्धतीत घर फुकट मिळत नाही. घरवाल्याने स्वतः राबायचे आणि कर्जाचे हप्ते फेडायचे. आम्हाला हे पटते. घर त्याचे, आपण नुसते हाताखाली.

आपल्या त्रिरश्मी लेण्यांतले सतरा नंबरचे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरवून दिले, तसा तिथे लेख आहे. परक्याने येऊन निवारा द्यायचा, हे नाशिकला नवे नाही.

काही जण म्हणतात, भाड्याचे पैसेच पाठवा, तिथल्या गवंड्याला मजुरी होईल. बरोबर बोलतात. म्हणून ठरवले आहे की भाडे ज्याने त्याने भरायचे आणि विहारात जमलेली वर्गणी सगळी सिमेंट-पत्र्यासाठी द्यायची. त्यातून चहासुद्धा प्यायचा नाही.

आता कामाचे. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिम नेपाळात जाजरकोट भागात भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. १९९३ ला किल्लारीत पहाटे हेच झाले होते. अशी भिंत टिकवायची तर तिच्या आरपार जाणारे लांब दगड मधूनमधून बसवावे लागतात आणि चारी भिंती बांधून ठेवणारा पट्टा फिरवावा लागतो. तो दगड कुठे बसवायचा हे तिथला गवंडी सांगेल. गवंड्याला ते 'डकर्मी' म्हणतात. तो म्हणेल ते ऐकायचे. आमच्या मिलमध्ये नवा बदली कामगार आला की जॉबर त्याला लगेच साच्याला हात लावू देत नसे, आधी झाडायला लावी. तुम्ही घमेली उचला, पाणी मारा, ओळंबा धरा. गेले चार रविवार वस्तीतल्या गवंडीदादांनी तुम्हाला विहाराच्या मागे कुंपणाची भिंत बांधायला लावली. दोनदा पाडायला लावली, तेव्हा कुठे ती ओळंब्यात आली. त्याचा राग धरू नका.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट नाहीतर निवडणूक ओळखपत्र लागते. आधार कार्ड चालत नाही, हे तिघांना परवा कळले! लखनौपर्यंत रेल्वे, तिथून रुपईडिहावरून नेपाळगंज, पुढे डोंगराचा रस्ता. आपल्या एका रुपयाचे तिकडे एक रुपया साठ पैसे होतात. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या, जाड तळव्याचे बूट आणि स्वेटर घ्या. ऐनवेळी बेत मोडू शकतो, तीही तयारी ठेवा. २०१५ साली कार्टर यांचा नेपाळचा घरबांधणीचा कार्यक्रम तिथल्या अशांततेमुळे रद्द झाला होता.

त्या आजींनी काल नातवासाठी शेंगदाण्याची चटणी करून दिली. अजून रुसलेल्याच आहेत. ज्यांची ओळखपत्रे यायची आहेत, त्यांनी मंगळवारी संध्याकाळी विहारात भेटावे.