वकिलीच्या प्रवेश परीक्षेला मी बसले

मी तुमची गट समन्वयक. दर महिन्याला मी हप्ते, व्याज, नोंदवह्या यावर बोलते. आज मात्र माझ्याबद्दल बोलणार आहे. गेल्या दोन बैठकांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, "ताई, तू खरंच वकिलीला गेलीस का? कशी गेलीस?" म्हणून म्हटलं, एकदाच सगळ्यांना सांगून टाकू.

हो, गेले. पस्तिसाव्या वर्षी, दोन लेकरं शाळेत असताना. मी आता एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. पण पहिल्या फटक्यात नाही हं. आधी एकदा पडले, मग उठले.

सुरुवात एका कागदापासून झाली. आपल्याच एका गटातल्या ताईंचा नवरा वारला. दिवस होऊन महिना झाला नाही, तोच सासरच्यांनी टाईप केलेला कागद आणला. "सही कर, शेताच्या नोंदीचं काम आहे." ताई तो कागद पदरात लपवून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तू बीए झालीस. यात काय लिहिलंय तेवढं सांग." मी दोनदा वाचला. अक्षरं मराठी, पण अर्थ लागेना. 'स्वखुशीने', 'कसल्याही मोबदल्याशिवाय', 'यापुढे हक्क सांगणार नाही' हे शब्द दिसत होते. पण त्यातून तिचं नेमकं काय जातंय, हे मला ठामपणे सांगता येईना. ते हक्कसोडपत्र होतं.

आम्ही दोघी तालुका विधी सेवा समितीत गेलो. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं लिहिलेलं आहे, आणि बाईसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही. तिथल्या वकील बाईंनी कागद पाच मिनिटांत वाचला आणि म्हणाल्या, "सही करू नका. नवऱ्याच्या हिश्श्यात बायको पहिल्या वर्गाची वारस असते." आज त्या ताईंचं नाव सातबाऱ्यावर आहे. ते माझ्यामुळे नाही, त्या वकील बाईंमुळे. माझ्यामुळे फक्त एसटीचं तिकीट निघालं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तसाच एक कागद मीही सही केला होता, आठ वर्षांपूर्वी, माहेरी. भाऊ म्हणाला, चल, दुय्यम निबंधकाकडे जाऊन येऊ. गेले, अंगठा दिला, सही केली, वहिनीच्या हातची पुरणपोळी खाऊन परत आले. भावावर माझा राग नाही. वाचून, समजून मी कदाचित सही केलीही असती. पण मी वाचलाच नाही. बारा बायकांसमोर गटाचा ठराव मोठ्याने वाचून दाखवणारी मी, स्वतःच्या हक्काचा कागद न वाचता मोकळी झाले. २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

तर तिथून वकिलीचं डोक्यात आलं. चौकशी केली तेव्हा कळलं ते सांगते. नीट ऐका, हवं तर मुलीला लिहून घ्यायला सांगा.

आपल्या राज्यात वकिलीचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा, आणि पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगवेगळी प्रवेश परीक्षा असते. पदवी कुठलीही चालते, बीए, बीकॉम, बीएस्सी. खुल्या वर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. वयाची अट नाही. हे ऐकून मी दोनदा विचारलं, "नक्की?" नक्की.

एक गोष्ट मात्र काळजीपूर्वक ऐका. आपल्यातल्या बऱ्याच जणी मुक्त विद्यापीठातून शिकल्या. दहावी, बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण नाही. पण बारावी न करता थेट पदवीला बसला असाल, तर बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. आपल्या एका हुशार मैत्रिणीचं इथेच अडलं. ती आता आधी बारावीचा फॉर्म भरते आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी हे तपासा.

आता पैशाचं. मी गटातून सहा हजारांचं कर्ज मागितलं. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "कारण काय लिहू?" आपल्या वहीत कारणं कुठली असतात? शेळी, बियाणं, दवाखाना, लग्न. शिक्षण असतं, पण लेकराचं. मी म्हटलं, "शिक्षण. माझं." दोघी-तिघी हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "लिही गं, फेडल्याशी मतलब." सहा हप्त्यांत फेडलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "घरात वकील आली तर आता भांडायचं कुणी?" पण पहाटेचा चहा त्यांनीच करून दिला, रोज.

पहिल्या वर्षी, म्हणजे २०२४ ला, मी तालुक्याच्या एका क्लासला पैसे भरले. सगळी नुकतीच कॉलेजातून आलेली पोरं. सर इंग्रजीत भराभरा बोलायचे, मी पाठीमागे बसून मान हलवायची. महिन्याने बंद केलं, फी काही परत मिळाली नाही. मग घरीच वाचलं, जमेल तसं.

तेव्हा पेपर १५० प्रश्नांचा होता, वेळ दोन तास. परीक्षा कॉम्प्युटरवर. माझी पहिली दहा मिनिटं माउस सांभाळण्यात गेली. उत्तरतालिका आली तेव्हा मोजलं. १५० पैकी ६१ बरोबर. आणि ३८ प्रश्न मी कोरेच सोडले होते.

का सोडले? कारण येत नव्हते. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय ना, येत नसेल तर गप्प बसावं, चुकीचं बोलू नये. पण या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत! चार पर्यायांतला एक बरोबर असतो. ३८ प्रश्नांत नुसत्या खुणा केल्या असत्या तरी नऊ-दहा गुण पदरात पडले असते. हे मला माहीत होतं, फॉर्मसोबतच्या पुस्तिकेत वाचलं होतं. तरी हात उठला नाही. चुकण्याची भीती इतकी मुरलेली असते. राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी क्लॅट नावाची जी वेगळी परीक्षा असते, तिथे चुकीला पाव गुण कापतात. तिथे विचार करून सोडा. आपल्या सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नका.

दुसऱ्या वर्षी, २०२५ ला, पेपर १२० प्रश्नांचा झाला. वेळ तोच, १२० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी इंग्रजीला ४०, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींना ३२, कायद्याच्या कलचाचणीला २४ आणि तर्काला २४ गुण. पेपर मराठीतही असतो, फक्त इंग्रजीचा भाग अर्थातच इंग्रजीत. फॉर्म भरताना माध्यम नीट निवडा. बारावीनंतरच्या परीक्षेत थोडं गणितही असतं.

मी अभ्यास कसा केला ते भागाभागाने सांगते.

इंग्रजीला सगळ्यात जास्त गुण आणि माझी सगळ्यात जास्त भीती. मी मुलाची पाचवीपासूनची बालभारतीची इंग्रजी पुस्तकं काढली. लाज वाटली, पण उपयोग झाला. रोज एक धडा मोठ्याने वाचायचा आणि दहा शब्द वहीत लिहायचे. आठवीच्या पुस्तकापर्यंत आले तेव्हा परीक्षेतले उतारे डोळ्यांना ओळखीचे वाटू लागले. मुलगा माझी चूक काढायचा तेव्हा त्याला फार आनंद व्हायचा. त्याचं इंग्रजीही सुधारलं.

सामान्य ज्ञानासाठी रोजचं मराठी वर्तमानपत्र. आपल्या वाचनालयात येतं, दुपारी कुणी नसतं. रोजच्या पाच बातम्या वहीत लिहायच्या. बाकी संविधान नीट वाचलं. २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं, २६ जानेवारी १९५० पासून लागू, ७३ व्या दुरुस्तीने ग्रामपंचायतीत बायकांना जागा मिळाल्या. यातलं निम्मं आपण ग्रामसभेच्या प्रशिक्षणात शिकलेलोच असतो.

जुनी पुस्तकं घेताना सावध राहा. मी रद्दीवाल्याकडून स्वस्तात गाईड आणलं, त्यात सगळी भारतीय दंड संहितेची कलमं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले. पंधरा दिवसांचं पाठांतर वाया गेलं.

तर्काच्या भागाला घाबरू नका, तिथे नात्यांचे प्रश्न असतात. मी एक गटाच्या बैठकीत विचारला होता. फोटोतल्या मुलीकडे बोट दाखवून एक बाई म्हणते, "हिची आई माझ्या आईची एकुलती एक मुलगी आहे." मग ती मुलगी त्या बाईची कोण? क्लासमधल्या पोरांनी कागदावर बाण काढले होते. आपल्या मावशींनी वाती वळता वळता सांगितलं, "तिचीच लेक, अजून कोण?" नाती सोडवण्यात आपला हात कोण धरणार?

कायद्याच्या कलचाचणीत मात्र मी सुरुवातीला सारखी चुकायचे. तिथे आधी एक तत्त्व देतात, मग एक घटना. समजा तत्त्व आहे, अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने बंधनकारक नसतो. घटना अशी, सतरा वर्षांच्या मुलाने शेजाऱ्याला म्हैस विकायचा करार केला आणि मग नाही म्हणाला. शेजारी त्याला कोर्टात भाग पाडू शकेल का? मी लिहायची, हो, शब्द दिला तर पाळायला नको का? चूक. उत्तर 'नाही'. आपल्या मनातला न्याय बाजूला ठेवायचा आणि दिलेल्या तत्त्वाला धरून चालायचं. हे जमायला मला दोन महिने लागले. पण त्यानंतर कुठलाही कागद हाती आला की मी आधी बघते, यात नेमकं लिहिलंय काय. मनाने त्यात काही भरत नाही.

वेळ पहाटे साडेचार ते सहा. त्याशिवाय आठवड्यातून एकदा सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर घड्याळ लावून सराव. या वेळी शेवटची पाच मिनिटं मी मुद्दाम राखून ठेवली आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नावर खूण केली. १२० पैकी ७४ बरोबर आले. फार मोठे नाहीत, पण जिल्ह्याच्या कॉलेजात नंबर लागला.

तिथेही एक घोळ झालाच. माझी दहावी, बारावी, बीएची गुणपत्रकं माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं. कागद तपासणीत अडलं. लग्नाची नोंदच केलेली नव्हती. ती ग्रामपंचायतीत होते, तेवढंही आपण करत नाही. चार दिवस पळापळ झाली. म्हणून ज्यांना पुढे शिकायचंय त्यांनी आजच लग्नाचं प्रमाणपत्र काढून ठेवा. जातीचा दाखला माहेरच्याच नावाने लागतो, त्याची पडताळणी लवकर करा. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणाच्या आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना २०२४ पासून सरकारने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. प्रवेश सरकारी फेरीतून घ्यावा लागतो. कॉलेजात विचारल्याशिवाय फी भरू नका.

सोपं आहे असं मी म्हणणार नाही. एलएलबी घरबसल्या होत नाही, प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. सकाळी सहाची एसटी, दुपारी परत, मग तुमच्या बैठका. दोन गटांचं काम मी दुसऱ्या ताईंकडे दिलं, म्हणजे तेवढं मानधन कमी झालं. पदवीनंतर बार कौन्सिलची सनद आणि आणखी एक परीक्षा आहे. बराच पल्ला बाकी आहे.

पण नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ ला ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि बाईला वकिली करू देणारा कायदा आपल्याकडे १९२३ ला झाला. मधली एकतीस वर्षं त्यांना रीतसर वकील म्हणून उभं राहता आलं नाही. आपल्याला तर फक्त पहाटे उठायचंय.

परवा त्याच ताई, ज्यांचा कागद होता, त्या पुन्हा आल्या. या वेळी भाचीला घेऊन. पोरगी बारावीला आहे. म्हणाल्या, "हिला ती परीक्षा सांग." मी माझी शब्दांची वही तिला दिली. कुणाला अजून हवी असेल तर पुढच्या बैठकीत मागा. सध्या एकच आहे, आळीपाळीने वापरू.

येत्या मंगळवारी हप्ता विसरू नका. नमस्कार.