गांजाचा कायदा कोणावर कोसळतो?

(पन्हाळा येथील नागरिकांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



पन्हाळगडाखाली, वारणेच्या खोऱ्यात उसाचे फड पसरले आहेत. अशा एखाद्या फडाच्या मधल्या सऱ्यांत कोणी गांजाचे झाड लावले, तर ते मालकाला दिसेलच असे नाही. पण १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाचे ५४ वे कलम सांगते की, आरोपीने कसलेल्या जमिनीत असे झाड आढळले आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा त्याचाच असे गृहीत धरता येते. ३५ वे कलम गुन्हेगारी हेतूही गृहीत धरते. तो नव्हता हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. लागवडीला शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची. वकिलाच्या फीसाठी बैल विकावा लागणारा शेतकरी हा भार कसा वाहणार?

आणि व्यसन तरी थांबले काय? केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भांग, गांजा वा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख भारतीय आढळले. त्यांत भांग घेणारे २ कोटी २० लाख. फुलोऱ्याविना असलेली पाने कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून एकाच झाडाची पाने घोटणारा केंद्रीय कायद्यातून सुटतो आणि फुलोरा चिलमीत ओढणारा हमाल सहा महिन्यांच्या कैदेस पात्र ठरतो. (महाराष्ट्रात भांगेच्या मागे दारूबंदी कायद्याचे वेगळे लचांड आहे, ती गोष्ट निराळी.)

१८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने ११९३ साक्षी नोंदवून संपूर्ण बंदी अनावश्यक ठरविली होती. परक्या सरकारला महसूल हवा होता हे खरे. तरीही साक्षी घेऊन निर्णय करण्याची ती रीत स्वकीय सरकारांनी सोडावी, हे लाजिरवाणे आहे.

गांजा निरुपद्रवी आहे, असे येथे कोणीही म्हणत नाही. कोवळ्या वयात त्याने मन बिघडते. पण बिघडलेल्या मनाची जागा दवाखान्यात आहे. ६४-अ कलम उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून मुक्त करते. मात्र उपचाराची सोय हाताशी नसेल तर ते कागदावरच राहते.

राज्याचे हात बांधलेले नाहीत. १० व्या कलमाने औषधी व शास्त्रीय कारणांसाठी लागवडीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्याच्या लागवडीला परवाना दिला. हिमाचलच्या विधानसभेने २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीची शिफारस करणारा अहवाल स्वीकारला. महाराष्ट्रानेही नियम करावेत. परवाने मात्र बड्या कंपन्यांच्या घशात न जाता अल्पभूधारकांच्या सहकारी संस्थांना मिळावेत. सेवनाची कैद रद्द करणे संसदेच्या हाती आहे, पण तशी शिफारस करण्यापासून विधानसभेला कोण अडवते?

तालुक्यातील ग्रामसभांनी असे ठराव करावेत. आमदारांकडे ते डाकेने न धाडता गावकऱ्यांनी स्वतः नेऊन द्यावेत, आणि पोहोच घेतल्यावाचून परतू नये.