पांढरीचे टेकाड

श्रोतेहो, आपल्या गावाच्या जमिनीचे दोन भाग आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो आहोत. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. हे शब्द नुसते बोलण्यापुरते नाहीत. माणूस जेथे शेकडो वर्षे राहतो तेथे चुलीची राख, गोठ्यातले शेण आणि पडलेल्या भिंतींची माती थरावर थर बसत जाते. एक घर पडले की त्याच मातीवर दुसरे उभे राहते. असे होता होता जागा उंचावते आणि माती करडी, पांढुरकी होते. पुढे कधी गाव उठून गेले, तरी टेकाड मागे राहते. महाराष्ट्राचा जुना इतिहास शोधणारी माणसे पहिल्यांदा पाहतात ती हीच पांढर.

हे आज मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, जमिनीतील धातू ओळखणारे यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, आता कोणालाही विकत मिळते. मग साहजिकच प्रश्न येतो : शोधायचे कोठे? इंग्लंडमध्ये पुष्कळ लोक हा छंद करतात. शेतमालकाची परवानगी घेऊन नांगरलेल्या रानात यंत्र फिरवतात. तेथे १९९६ सालचा स्वतंत्र कायदा आहे, आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवण्याची व्यवस्था १९९७ पासून चालू आहे. आपल्याकडची परिस्थिती निराळी आणि कायदाही निराळा. तेव्हा जागा कशी ओळखावी हे आधी पाहू, आणि ओळखल्यावर काय करावे हे मग पाहू. दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची आहे.

जुनी वस्ती शोधायची तर आधी पाण्याकडे बघावे. नदीचा काठ, त्यातही पुराच्या रेषेच्या वरचा उंचवटा, आणि जवळ उन्हाळ्यातही न आटणारा डोह. जुन्या माणसांनी वस्ती केली ती अशाच ठिकाणी. एकट्या प्रवरेच्या काठावर बघा : संगमनेरजवळ जोर्वे, पुढे दायमाबाद, आणि त्याही पुढे नेवासे. तिन्ही ठिकाणी जमिनीखाली फार जुनी गावे निघाली. घोड नदीवर इनामगाव, तेरणेवर तेर, गोदावरीवर पैठण. नदीने जणू नकाशाच आखून ठेवला आहे.

दुसरी खूण खापरांची. टेकाडावर पावसाळ्यानंतर फिरलात तर पायांखाली खापरेच खापरे दिसतील. तांबड्या खापरावर काळ्या रंगाच्या रेघा किंवा नक्षी असली तर लक्ष द्या. तशी भांडी जोर्वे येथे १९५०-५१ साली निघाली. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी ते उत्खनन केले. तेथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडीही मिळाल्या. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी लोकांच्या संस्कृतीला आज सगळे जग जोर्वे संस्कृती म्हणते. एका लहानशा खेड्याचे नाव पुस्तकांत गेले, ते खापरांमुळे!

तिसरी खूण नावांची. शिवारातल्या एखाद्या शेताला पांढरी म्हणतात, पण तेथे घर एकही नाही. एखाद्या जागेला जुने गावठाण म्हणतात. जुन्या महसुली दप्तरात एखादे मौजे बेचिराख म्हणून लिहिलेले असते, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे गाव. गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पहिल्या पावसात मणी कोठे वाहून येतात, नांगराच्या फाळाला विटा कोठे लागतात, हे त्यांना ठाऊक असते.

आता यंत्राचे बघू. त्याच्या तळाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असला तर त्यात बारीकसा प्रवाह उठतो, आणि तो ओळखून यंत्र आवाज देते. एवढेच त्याचे काम. नाण्यासारखी लहान वस्तू असली तर ते वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंतच ओळखते. बैलाच्या पत्रीचा खिळा, मोडका विळा, बाटलीचे झाकण यांनाही ते आवाज देते. आणि जे धातूचे नाही, त्याबद्दल ते मुके असते. इनामगावला १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन चालले. तेथे मातीच्या घरांच्या जमिनी, चुली आणि जळून कोळसा झालेले सातूचे दाणे मिळाले. त्यावरून कळले की ते लोक काय पेरीत आणि काय खात. त्या दाण्यांवर यंत्र फिरवले असते तर ते गप्पच राहिले असते. उलट धातूच्या लोभाने कोणी तेथे खड्डा घेतला असता, तर दाणेही गेले असते आणि चुलीही.

थर मोडला की तो पुन्हा बसवता येत नाही. वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती, यावरून तिचा काळ ठरतो. दायमाबादचेच उदाहरण घ्या. १९७४ साली तेथे एका शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या : बैलजोडी जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारींचे वजन मिळून ६० किलोच्या वर. रथच जवळजवळ ४५ सेंटिमीटर लांबीचा. वस्तू वितळल्या नाहीत, सरकारजमा झाल्या, हे आपले भाग्य. पण शास्त्रशुद्ध उत्खननात थरासकट मिळाल्या नाहीत, म्हणून त्या नेमक्या किती जुन्या, याविषयी पंडितांत अजून एकमत नाही. एवढे मोठे धन हाती आले, आणि त्याच्या वयाचा दाखला मातीतच राहिला.

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचे. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी तेरा हजारांहून अधिक, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जिंकलेल्या राजाची नाणी जिंकणाऱ्याने आपल्या नावाने चालवली, याहून बोलका पुरावा कोणता? साठा एकत्र राहिला म्हणून हे कळले. तीच नाणी दहा घरांत वाटली गेली असती आणि मुशीत पडली असती, तर चार पैंजण झाले असते आणि इतिहासाचे एक पान कायमचे गेले असते.

तेव्हा मंडळी, जी जागा शोधायला सर्वांत चांगली, तीच जागा खणायला सर्वांत वाईट. ती ओळखायची ती राखण्यासाठी. आपणच तिचे नुकसान करतो हेही कबूल केले पाहिजे. पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकायला आणि धाब्यावर पसरायला आपण गाड्या भरभरून नेतो. अशाने कित्येक टेकाडे निम्मी झाली आहेत.

आता कायद्याचे. राज्याने किंवा केंद्राने संरक्षित केलेल्या किल्ल्यावर, लेण्यांजवळ किंवा टेकाडावर परवान्यावाचून खणणे हा गुन्हा आहे. पण आपल्याच शेतात नांगरताना गाडगे लागले तर? त्यासाठी १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे : काय सापडले, कोठे आणि कोणत्या तारखेला. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण हा कायदा नुसता धाक घालणारा नाही. चौकशीअंती निधी बेवारस ठरला, तर सापडवणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क तो मानतो. दोघांत वेगळा करार नसेल तर तीन भाग सापडवणाऱ्याचे आणि एक भाग मालकाचा. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. म्हणजे सरळ मार्गाने गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतोच असे नाही.

वस्तू हाती आली तर दोन गोष्टी कराव्यात. काम तेथेच थांबवावे. आणि वस्तू घासू नये. चिंच, राख, लिंबू यांनी तांब्याचे भांडे लख्ख होते, पण जुन्या नाण्यावरची अक्षरेही त्याबरोबर निघून जातात. शिशाचा काळपट तुकडा दिसला तर तो फेकू नका. सातवाहन राजे शिशाची नाणी पाडीत असत.

गुप्तधन दाखवतो म्हणून रात्री येणाऱ्या भोंदूंविषयी एकच सांगतो. त्यांच्या नादाने घरे धुळीला मिळाली आहेत, आणि माणसांचे जीवही गेले आहेत. गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांना महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने शिक्षा आहे. यंत्र हातात आले म्हणून भोंदू शास्त्रज्ञ होत नाही.

शेवटी शिक्षकबंधू आणि भगिनींना एक विनंती. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि त्यांतून तेथे एक संग्रहालय उभे राहिले. प्रत्येक गावात संग्रहालय होणार नाही, पण प्रत्येक शाळेत एक वही होऊ शकते. दिवाळीनंतर, पिके निघाल्यावर, मुलांना शिवारात न्या. टेकाड कोठे आहे, गट नंबर कोणता, नदीपासून किती पावले, खापरांचा रंग कोणता, म्हातारी माणसे काय सांगतात, हे त्या वहीत लिहून घ्या. छायाचित्र काढा, नकाशा काढा, आणि खापर जेथे पडले आहे तेथेच राहू द्या. कुदळ मात्र बरोबर नेऊ नका. नोंदीची एक प्रत तहसीलदारांना आणि एक पुरातत्त्व खात्याला पाठवा.

काळीने आपल्याला पोसले आणि पांढरीने आपल्याला नाव दिले. काळीची मशागत आपल्याला येते. पांढरीची राखण तेवढी शिकायची राहिली आहे.