पाकीट हरवल्यानंतर



या व्यासपीठावरून वेदान्तापासून विज्ञानापर्यंत सर्व विषय होऊन जातात. तेथे हरवलेल्या पाकिटाची गोष्ट घेऊन उभे राहणे थोडे धार्ष्ट्याचेच आहे. पण आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमच्या कचेरीत येणाऱ्याचे गाऱ्हाणे दर वेळी बोनसचे किंवा संपाचे नसते. पाकीट गेले आणि त्यापायी रोजगार जायची पाळी आली, असे सांगत येणारेही असतात.

गिरण्यांच्या काळात पगार रोख मिळे. पगाराच्या दिवशी दाराबाहेर सावकार उभा असे आणि गर्दीत पाकीटमार. त्या दिवशी खिसा कापला गेला की महिना गेला. आता पगार बँकेत जमा होतो आणि पाकिटात शेदोनशे रुपये असतात. तेव्हा पाकीट गेल्याचे दुःख हलके झाले असेल असे वाटते. पण आता त्यात आधारकार्ड असते, बँकेचे कार्ड असते, विमा योजनेचे कार्ड असते, कंत्राटदाराने दिलेला गेटपास असतो. आपण कोण आहोत हे सांगणारे सगळे कागद एका खिशात.

कंत्राटावर सफाईचे काम करणाऱ्या आमच्या एका सभासदाचे पाकीट लोकलच्या गर्दीत गेले. रोख रक्कम तीनशे चाळीस रुपये. दुसऱ्या दिवशी गेटपास नाही म्हणून पहारेकऱ्याने आत सोडले नाही. तो दिवस बुडाला. नवा पास हवा तर आधार दाखव, असे कंत्राटदाराच्या मुकादमाने सांगितले. आता आधार म्हणजे क्रमांक, पुठ्ठ्याचा तुकडा नव्हे. पुठ्ठा हरवला तरी क्रमांक तोच राहतो आणि त्याची प्रत पुन्हा काढता येते. परंतु त्यासाठी नोंदलेल्या मोबाईलवर सांकेतिक आकडा यावा लागतो, आणि याचा नोंदलेला मोबाईल चार वर्षांपूर्वीच बंद पडलेला. म्हणून केंद्रावर रांग. तेथे अंगठा उमटेना, कारण फरशीवर ॲसिड टाकून टाकून बोटांच्या रेषा झिजलेल्या. दुसरा दिवस गेला. बँकेची शाखा गावाच्या दुसऱ्या टोकाला, कारण सगळ्यांची खाती कंत्राटदाराने आपल्या सोयीने एकाच ठिकाणी उघडलेली. तिसरा दिवस तेथे. चौथा पुन्हा गेटवर. तीनशे चाळीस रुपयांच्या पाकिटापायी चार दिवसांचा रोज बुडाला. महिन्याचा पगार घेणाऱ्या साहेबाचे पाकीट हरवले, तर तो एक किरकोळ रजा टाकतो. ज्याला रजाच नाही त्याला स्वतःची ओळख पटवून देणे फार महाग पडते, हे ध्यानात घ्यावे.

आता उपायाचे बोलू. पाकीट गेल्याबरोबर बहुतेक माणसे पोलीस चौकीकडे धावतात. आमचे सांगणे असे की, आधी बँकेला फोन करावा, चौकी मग. बिनसंपर्काच्या कार्डाने पाच हजार रुपयांपर्यंतचे देणे गुप्त आकड्यावाचून होऊ शकते. 1 जानेवारी 2021 पासून ही मर्यादा दोन हजारांवरून वाढवली गेली. दुकानदारांची सोय झाली, आणि चोराचीही. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी एक परिपत्रक काढून ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. त्याचे मर्म असे की, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील तो तोटा बँकेचा. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, आणि संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा नाही. ग्राहकाचा दोष आहे हे सिद्ध करायचे, तर तेही बँकेनेच. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी, कारण पुढे सगळा वाद त्या वेळेवरच होतो. मात्र गुप्त आकडा चिठ्ठीवर लिहून कार्डालाच गुंडाळलेला असेल, तर कळवण्याआधीचे नुकसान ग्राहकाच्या गळ्यात पडते. असे करणाऱ्यांना सुशिक्षित लोक हसतात. आम्ही हसत नाही. उतारवयात प्रथमच यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या बाईने आणखी काय करावे? चिठ्ठी घरी ठेवावी, एवढेच तिला समजावून सांगतो. खात्यातून पैसे गेलेच असतील, तर बँकेबरोबर 1930 या क्रमांकावरही लगेच कळवावे.

मग चौकी. तेथे बहुधा ‘गहाळ’ असा दाखला मिळतो. खरोखरच कोठे पडले असेल, तर तो पुरेसा आहे. पण खिसा कापलेला दिसत असताना गहाळ लिहून घेऊ नये. ती चोरी आहे आणि चोरीची खबर नोंदवून तिची प्रत विनामूल्य मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. हद्द आमची नव्हे, हे उत्तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत चालत नाही.

गेटपासाचे राहिले. त्या कंत्राटदाराने नव्या पासाच्या नावाखाली पगारातून पाचशे रुपये कापले. सोपवलेली वस्तू हरवली म्हणून पगारातून कपात करायची, तर हरवणे कामगाराच्या हयगयीमुळेच झाले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. 1936 च्या कायद्यात हे होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतनसंहितेतही आहे. गर्दीत खिसा कापला जाणे ही कोणाची हयगय? आम्ही कंत्राटदाराला पत्र धाडले. पाचशे रुपये परत मिळाले. चार दिवसांच्या रोजाबद्दल पत्रात एक शब्दही नव्हता. त्यावर बोलणी चालू आहेत.

सापडणाऱ्याविषयी दोन शब्द. 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 40 देशांतील 355 शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटे ‘सापडली’ म्हणून बँका, टपालकचेऱ्या, हॉटेले अशा ठिकाणी दिली गेली. बिनपैशाच्या पाकिटांपैकी सरासरी शेकडा 40 बद्दल मालकाला कळवले गेले, पैसे असलेल्यांपैकी 51 बद्दल. पैसे असताना प्रामाणिकपणा वाढला! विद्वानांना याचे नवल वाटले. पण ही पाकिटे ज्यांच्या हाती दिली ती कचेरीच्या दाराशी बसणारी नोकरमाणसे होती. त्यांना ओळखणाऱ्या आम्हांला तितकेसे नवल वाटले नाही.

दानत असते, अडते ते पुढे. 2006 साली मुंबई–पनवेल लोकलमध्ये हरवलेले एक पाकीट 2020 साली रेल्वे पोलिसांना मिळाले आणि त्यांनी मालकाला शोधून काढले, हे वृत्तपत्रांत आले होते. आत नऊशे रुपये होते. त्यांतली पाचशेची नोट 2016 मध्ये रद्द झालेली. ती बदलून मिळाल्यावर देऊ म्हणून ठेवून घेतली. शंभर रुपये मुद्रांकाच्या कागदासाठी वजा झाले. तीनशे हातात आले. चौदा वर्षांनी पाकीट परत देणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण आपलीच वस्तू परत घेताना मालकाने मुद्रांकाचे शंभर रुपये का भरावेत, हे आम्हांला अजून कोणी सांगितलेले नाही. हा खर्च माफ व्हावा आणि सापडलेल्या वस्तूंची यादी प्रत्येक स्थानकावर दर आठवड्याला लावली जावी, असा अर्ज आम्ही तयार केला आहे. तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. सही करायची असेल त्यांनी जाताना करावी. आणि ज्यांचे बँकेशी भांडण चालू आहे त्यांनी सभा संपल्यावर थोडे थांबावे, तक्रारीचा क्रमांक बरोबर असला तर बरे.