ऊन सोसणारी शीट, मार सोसणारी शीट



मे महिना सरत आला की कोकणात छपरांची कामं निघतात. माकडांनी फोडलेली कौलं बदलायची, मागच्या पडवीवर पत्रा घालायचा. पत्रा हवा, पण खालचं स्वयंपाकघर अंधारून जायला नको. पूर्वी अशा ठिकाणी कौलांच्या मध्ये दोन-चार काचेची कौलं बसवायचे. आता दुकानात जाऊन प्लॅस्टिकची पारदर्शक शीट आणतात. दुकानदार विचारतो, किती फूट, किती एमएम? गिऱ्हाईक विचारतं, भाव काय? शीट लावणार कुठे, हे कुणीच विचारत नाही. निवड तर तिथूनच सुरू व्हायला हवी. या शीटला ऊन सोसायचं आहे की मार, की दोन्ही?

दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेल्या शीट दिसायला सारख्याच असतात. त्यातली अ‍ॅक्रिलिक सगळ्यांत नितळ. पडणाऱ्या प्रकाशातला सुमारे 92 टक्के प्रकाश ती आरपार जाऊ देते, वजनाला काचेच्या निम्मी, आणि वर्षानुवर्षं उन्हात राहूनही सहसा पिवळी पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छत्रं अ‍ॅक्रिलिकची असत. ती फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कपचे गेले, तरी डोळ्यांनी ते निमूट सामावून घेतले, हे लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांनी हेरलं. 1949 साली त्यांनी याच पदार्थाचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. इतका गुणी पदार्थ, पण ठिसूळ. नावाची पाटी, देव्हाऱ्याचं दार, शाळेतल्या प्रदर्शनाची पेटी यांसाठी अ‍ॅक्रिलिकच घ्यावी. डोक्यावर मात्र मी ती कधीही घालू देणार नाही. वरून नारळ पडला तर तिचे धारदार तुकडे खाली येतात. शिवाय ती सहज पेट घेते, म्हणून चुलीजवळही नको.

मार सोसायचा असेल तर पॉलिकार्बोनेट. हातोडा मारला तर खड्डा पडेल, पण फुटणार नाही. खात्री करायची असेल तर दुकानातून दोन्हींचे तळहाताएवढे, दोन एमएमचे तुकडे मागून घ्या. तुकडा पकडीत धरा, वर एखादं जाड फडकं टाका आणि वाकवा. अ‍ॅक्रिलिक काडकन मोडते. पॉलिकार्बोनेट दुमडते, घडीपाशी पांढुरकी होते, पण अखंड राहते. पडवीवर, जिन्यावर, गोठ्यावर हीच घालावी.

पण पॉलिकार्बोनेटचा वैरी ऊन. नुसती शीट काही वर्षांत पिवळी पडते, मग कडक होऊन तडकते. म्हणून चांगल्या शीटवर अतिनील किरण अडवणारा पातळ थर असतो, आणि बहुतेक वेळा तो एकाच बाजूला असतो. ती बाजू कोणती, हे वरच्या फिल्मवर छापलेलं असतं. कामगार घाईत फिल्म आधीच ओरबाडून काढतात आणि शीट उलटी बसते. त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. कळतं ते पिवळेपणा आल्यावर. फिल्म काढण्याआधी थराच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करा आणि ती बाजू आकाशाकडे ठेवा. शीट बसली की त्याच दिवशी उरलेली फिल्म काढा, नाहीतर उन्हात ती घट्ट चिकटून बसते.

बसवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बऱ्याचशा शीट तिथेच वाया जातात. प्लॅस्टिक उन्हात काचेच्या सात-आठ पट वाढतं. तापमानात 40 अंशांचा फरक पडला, तर आठ फुटी शीट सुमारे सात मिलिमीटर लांबते. भोक स्क्रूच्या मापाचं पाडलं आणि स्क्रू करकचून आवळला, तर त्या वाढीला जागाच उरत नाही. मग प्रत्येक स्क्रूभोवती चांदणीसारख्या बारीक चिरा उमटतात. भोक स्क्रूपेक्षा निदान तीन एमएमनं मोठं हवं. वर ईपीडीएम रबराचा रुंद वॉशर घ्या. मऊ पीव्हीसीचा नको. त्यातलं तेलकट द्रव्य पॉलिकार्बोनेटला खातं. फटी भरायला आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आणू नका; न्यूट्रल मागा. उतार फुटाला एक इंच तरी ठेवाच. पोकळ नळ्यांची शीट असेल तर नळ्या उताराच्या दिशेनं याव्यात. वरची टोकं ॲल्युमिनियमच्या टेपनं बंद करावीत. खालच्या टोकांना हवा खेळेल आणि पाणी निथळेल अशी टेप लावावी. उघड्या नळ्यांत आमच्याकडच्या पावसात शेवाळ धरतं, आणि आत हात घालून ते काढता येत नाही.

आता दुकानातल्या बाकीच्या शीटबद्दल थोडक्यात. पॉलिस्टायरिन स्वस्त म्हणून फोटोफ्रेमला ठीक. ती अ‍ॅक्रिलिकच्या नावाखाली खपवतात, तेवढं जपा. पीईटीजी घरातल्या मशीनच्या झाकणांना उत्तम. लेझरवर कापून घ्यायचं असेल तर कास्ट अ‍ॅक्रिलिक मागा, तिची कड चकचकीत निघते. पीव्हीसी मात्र लेझरखाली कधीही देऊ नका. तिच्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो, कापणाऱ्याच्या फुप्फुसांना आणि यंत्रालाही घातक.

राहिलं पुसणं. 2020 साली दुकानांच्या गल्ल्यांवर अ‍ॅक्रिलिकचे आडोसे उभे राहिले आणि दिवसभर सॅनिटायझरनं पुसले गेले. त्यातल्या अल्कोहोलनं किती तरी आडोशांवर, विशेषतः कापलेल्या कडांपाशी, जाळीसारख्या चिरा पडल्या. थिनर आणि अमोनियावाला काच-क्लीनर अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्हींपासून लांब ठेवा. साधं साबणाचं पाणी, मऊ सुती फडकं, आणि आधी भरपूर पाण्यानं धूळ वाहून घालवा. कोरडी धूळ पुसली की पॉलिकार्बोनेटवर ओरखडे उठलेच म्हणून समजा.

आणि बिल घेताना त्यावर नुसतं 'प्लॅस्टिक शीट' लिहून घेऊ नका. पदार्थाचं नाव, जाडी आणि यूव्ही थर एका बाजूला की दोन्ही, एवढं दुकानदाराकडून लिहून घ्या.