वृद्धाश्रमांतील आपलें माणूस

म्हसळ्याच्या कित्येक घरांतील तरुण माणसें पोटासाठीं मुंबईस वा आखाती देशांत जातात आणि मागें वृद्ध आईबाप राहतात. त्यांपैकीं एखाद्यास पक्षाघात झाला, कीं उचलून बसवावयासही घरांत माणूस नसतें आणि वृद्धाश्रमाचा आश्रय घ्यावा लागतो. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र तेथें ठेवल्यावर घरच्यांचें कर्तव्य संपत नाहीं.

आश्रमाची परीक्षा फरशीच्या चकाकीवरून करूं नये. अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस साधारणतः दर दोन तासांनीं पालटावी लागते. एरव्हीं माकडहाड, खुबे व टाचा यांवर दाब पडून जखमा होतात. म्हणून भेटीस गेल्यावर प्रथम पाठ व टाचा पाहाव्या. दांत नसलेल्यास मऊ अन्न मिळतें, कीं ताट तसेंच परत जातें, हें जेवणाच्या वेळीं आगाऊ न कळवितां जाऊन पाहावें. रात्रीं किती रोग्यांमागें किती सेवक असतात, हेंही विचारावें.

२००७ च्या केंद्रीय कायद्यानें वृद्धांस मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला आहे. १४५६७ या दूरध्वनि-क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. परंतु रोजची शुश्रूषा कशी होते, हें घरच्यांनींच पाहिलें पाहिजे. म्हसळ्याहून पनवेल-मुंबईकडील आश्रम गांठावयाचा म्हणजे अख्खा दिवस मोडतो. यास्तव भावंडांनीं भेटींच्या पाळ्या वाटून घ्याव्या. ज्याच्याकडे वारंवार कोणी येतें, त्याच्याकडे सेवकांचेंही लक्ष राहतें.