लाल पाणी, फुलझाड आणि जिवाणू

आपल्या सोलापुरी चादरीचं सूत आधी रंगतं आणि मग मागावर चढतं. रंगाच्या पाण्यात मीठ घातलं की रंग सुताकडे ओढला जातो, सोड्यानं तो पक्का बसतो. तरीही सगळा रंग सुताला लागत नाही. उरलेला धुताना सुटतो आणि डाईंगच्या नालीतून लालभडक पाणी वाहू लागतं.

अशा पाण्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. एका बाजूला ग्लँड्युलेरिया पल्चेला, म्हणजे व्हर्बिनाच्या कुळातलं फुलझाड : जमिनीलगत पसरणारं, बारीक चिरलेल्या पानांचं, जांभळ्या फुलांच्या गुच्छांचं. दुसऱ्या बाजूला स्यूडोमोनास प्रजातीचा एक जिवाणू. दोघांना स्कार्लेट आरआर हा लाल कापडरंग दिला. झाडानं ७२ तासांत ९७ टक्के रंग काढला, जिवाणूनं ९६ तासांत ८४ टक्के. दोघं एकत्र आले तेव्हा ४८ तासांतच रंग पुरता गेला. पुढे अनेक रंगांचं मिश्रण दिलं, आणि डाईंगचं पाणी असतंही तसंच. तिथे ९६ तासांत झाडाचे ७८ टक्के, जिवाणूचे ६७ आणि जोडीचे ९२.

झाड सरस ठरलं, एवढ्यावर मात्र थांबू नये. रंग तोडायला झाडाच्या मुळांनी जी विकरं वापरली, ती सगळी जिवाणूकडे नव्हती. जिवाणूची काही झाडाकडे नव्हती. एकाचं अर्धं राहिलेलं काम दुसरा पुढे नेतो. आणि हे फार गरजेचं आहे, कारण स्कार्लेट आरआरसारख्या ॲझो रंगांचा रेणू तुटला की पाणी नितळ दिसतं, पण मागे ॲरोमॅटिक अमाइन्स ही संयुगं राहू शकतात. त्यांतली काही विषारी असतात. पाणी नितळ झालं म्हणजे शेताला सोडायला हरकत नाही, हा समज घातक आहे.

प्रयोगशाळेबाहेर मात्र आपल्या डाईंगचं पाणी गरम, खारट आणि अल्कधर्मी असतं. झाडाला जागा लागते, ऊन लागतं. जिवाणू टाकीत वाढतो. म्हणून सांडपाणी प्रक्रिया केंद्राला फाटा देऊन फुलांचे वाफे करा, असं मी म्हणणार नाही. केंद्रातून निघालेलं पाणी अशा वाफ्यातून न्यावं, आणि सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत हा प्रयोग, कडक उन्हातही टिकतो का ते कळायला, ऐन मे महिन्यात करून बघावा. रंगाबरोबर अमाइन्सही मोजावीत.